पहिल्या वर्गातले दाजी

आमच्या सगळ्या गोतावळ्यात पृथ्वीप्रदक्षिणा सर्वांत जास्त वेळा कोणी केली असेल तर ती माझ्या थोरल्या साडूंनी, आणि तीही दर वेळी विमानाच्या पहिल्या वर्गातून. मुंबईहून निघून लंडन, न्यूयॉर्क, टोकियो, मेलबर्न करत परत मुंबईला कसं यायचं, कुठल्या विमानतळाच्या लाउंजमध्ये आंघोळीची सोय आहे, कोणती कंपनी झोपायला मऊ पायजमा देते आणि तो घरी नेऊ देते की नाही, हे सगळं त्यांना तोंडपाठ. फक्त एक बारीकशी गोष्ट राहून गेली होती. दाजी स्वतः आजवर विमानात चढलेले नव्हते. ओझरच्या विमानतळावर ते नातेवाइकांना सोडायला मात्र हौसेने जात आणि 'या विमानात गुडघे हनुवटीला लागतात' असं सांगून जाणाऱ्याच्या तोंडचं पाणी पळवत.

सरकारी नोकरीतून निवृत्त झालेली माणसं योगासनं करतात, नाहीतर सोसायटीचे सेक्रेटरी होऊन लोकांना छळतात. दाजी मैलांच्या मागे लागले. विमान कंपन्या नेहमीच्या गिऱ्हाइकाला मैल देतात, ते साठले की फुकट तिकीट मिळतं आणि हे मैल विमानात पाऊल न ठेवता नुसत्या क्रेडिट कार्डाच्या खरेदीवरही मिळतात, हे त्यांना कुठूनसं कळलं. त्या दिवसापासून आमच्या नात्यात स्वतःच्या हाताने बिल भरण्याचा हक्क कोणाला उरला नाही. मी फ्रीज घ्यायला कॉलेज रोडला गेलो तर दाजी माझ्या आधी दुकानात हजर! कार्ड त्यांचं, पैसे मी त्यांना द्यायचे, मैल त्यांना. लग्नाचा बस्ता हे तर त्यांचं पर्वच. कोणाचाही बस्ता बांधायला मंडळी येवल्याला निघाली की जीपमध्ये पुढच्या सीटवर दाजी. एकदा एका नवरीच्या घोटीच्या मामांना हा प्रकार ठाऊक नव्हता. पैठण्यांचा ढीग पसंत झाला आणि दाजींनी खिशातून कार्ड काढलं, तेव्हा मामा उभेच राहिले. "हे कोण हायेत? आमच्या पोरीचा बस्ता हे काय म्हून भरत्यात?" दाजी शांतपणे म्हणाले, "मामा, तुमच्या पोरीला शालू मिळेल, मला टोकियो मिळेल. तुमचं काय जातंय?" मामा पुढे लग्न लागेपर्यंत माझ्याकडे संशयाने बघत होते, कारण जीपमध्ये मी दाजींच्या शेजारी बसलो होतो.

कुठल्या कंपनीचं सभासदत्व घ्यावं, हे तर ते स्थळ बघावं तसं बघत. "ही वाळवंटातली कंपनी दिसायला देखणी, पण वरखर्च फार लावते. ती पूर्वेकडची घरंदाज आहे, पण तीन वर्षांत मैल वापरले नाहीत तर सरळ बुडवते. आणि ही भावकी नीट समजून घ्या, साडूभाऊ. एका कंपनीच्या मैलांवर तिच्या भावकीतल्या दुसरीच्या विमानात बसता येतं. म्हणून मुलगी बघायच्या आधी भावकी बघायची." एकदा मी सहज विचारलं, की मी कुठलं घेऊ? त्यांनी चष्मा काढून पुसला. "तुम्ही विसराळू आहात?" हो म्हटलं. "चिडता लवकर?" बायको आतून हो म्हणाली. "मग तुमच्यासाठी या धंद्यात काही नाही," असा निकाल देऊन त्यांनी पोह्यांची बशी पुढे ओढली.

पण मला बसलेला सगळ्यात मोठा धक्का दिशेचा. जगाभोवतीच्या तिकिटाला नियम असा, की एकदा पूर्वेला निघालात तर पूर्वेलाच जात राहायचं, पश्चिमेला तर पश्चिमेला. मागे फिरायचं नाही. दाजी श्रावणात ब्रह्मगिरीची फेरी न चुकता करणारे. त्यांचं म्हणणं, जगाभोवती फिरायचं म्हणजे ती प्रदक्षिणाच, आणि मेरू पर्वत उत्तरेला असल्यामुळे उत्तर उजव्या हाताला राहिली पाहिजे. म्हणजे निघायचं ते पश्चिमेकडेच! मी हसलो तर ते चिडले. गेल्या वर्षी त्यांचे मैल एकदाचे पुरे झाले, ताईंच्या आणि त्यांच्या अशा दोन तिकिटांपुरते, तेव्हा विमान कंपनीच्या बाईंशी त्यांचं फोनवर झालेलं बोलणं मी या कानांनी ऐकलं आहे. बाई बिचारी सांगत होती, की पूर्वेकडे जाणाऱ्या दोन्ही जागा लगेच मिळतील. आणि दाजी म्हणत होते, "नहीं मॅडम, हमारे में उलटा नहीं घूमते."

इथे ताईंबद्दल सांगायला हवं. ताई म्हणजे माझी थोरली मेव्हणी, दाजींची बायको. त्यांची एकुलती एक मुलगी मेलबर्नला असते आणि तिला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, पण डॉक्टरांनी तिला प्रवासाला मनाई केली, तेव्हा माहेरानेच तिकडे जायचं ठरलं. पूर्वेकडे निघालं तर मेलबर्न आधी लागतं. दाजींच्या प्रदक्षिणेत ते सगळ्यात शेवटी येत होतं, बाळंतपणाच्या तारखेला अगदी चिकटून. ताई त्या दिवशी मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मला वर्ग नको अन् प्रदक्षिणा नको. मला तिच्याजवळ असायचंय." दाजी म्हणाले, "अगं, पोचतोय की वेळेत." तिकिटं पश्चिमेकडची निघाली. आम्ही सगळे गप्प बसलो, आणि त्या गप्प बसण्याचा मला अजून राग येतो.

निघायला बरेच दिवस होते. रविवारी सकाळी आम्ही त्यांच्याकडे मिसळ खायला जमलो होतो, तेवढ्यात मुलीचा फोन आला. डॉक्टरांनी तिला पडून राहायला सांगितलं होतं, बाळ लवकर येईल म्हणत होते. आवाज घाबरलेला होता. "आई, तू कधी येतेस गं?" एवढंच तिने विचारलं. ताई फक्त दाजींकडे बघत राहिल्या, आणि तसं बघताना मी त्यांना पूर्वी कधी पाहिलेलं नव्हतं.

दाजींनी पावाचा तुकडा खाली ठेवला, हात धुतले आणि फोन लावला. "मॅडम, वो दोनो टिकट कॅन्सल करो. हां, पूरा कॅन्सल. उलटा चलेगा. एकदम सीधा उलटा चलेगा, जो पहले मिलेगा वो दो." दुसऱ्या दिवशीच्या विमानात परत जमा झालेल्या मैलांवर एकच जागा होती, ती पहिल्या वर्गातली, आणि ऐन वेळेची म्हणून जवळजवळ सगळे मैल एकटी गिळणार होती. मी म्हटलं, "दाजी, साधं तिकीट विकत घ्या, मैल तरी राहतील." ते माझ्यावर ओरडलेच. "हिचे गुडघे बघितलेत का तुम्ही? जिना उतरताना रडते ती. इतका वेळ पाय वाकवून बसवू हिला? हे सगळं मी काय माझ्यासाठी करत होतो?" आमच्यापैकी कोणाच्या हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. इतकी वर्षं त्या घरात राहून ताईंनाही हे ठाऊक नव्हतं.

ताई वेळेत पोचल्या. नात झाली, थोडी लवकर आली, पण दोघी सुखरूप. व्हिडिओ कॉलवर ताईंनी दुपट्यातलं ते लालबुंद गाठोडं दाखवलं तेव्हा आम्ही सगळे मोबाइलवर तुटून पडलो. सगळ्यांचं बघून झाल्यावर दाजींनी फोन घेतला, कोपऱ्यात गेले आणि हळूच विचारलं, "जेवायला काय काय दिलं गं विमानात?"

"त्या पोरी काचेच्या भांड्यांतून कायकाय आणत होत्या," ताई म्हणाल्या, "मी म्हटलं, नको बाई. दशम्या होत्या माझ्याकडे, त्या खाल्ल्या."

"आणि पायजमा?"

"कसला पायजमा? मी साडीवरच झोपले. पण पाय मात्र छान पसरता आले हो. अजिबात दुखले नाहीत."

फोन ठेवल्यावर दाजी सोफ्यावर येऊन बसले. मैल संपले होते, समोर भिंतीवर जगाचा नकाशा होता आणि ताईंशिवाय त्या घरात चहासुद्धा कोणाला नीट जमत नव्हता. मी म्हटलं, "दाजी, तुम्ही पण जा आता. नातीला बघून या. साध्या वर्गाचं तिकीट मिळेल सहज." मला वाटलं, आता पहिल्या वर्गावर व्याख्यान होणार. पण ते माझ्याकडे सरकले, आणि ज्या माणसाने आयुष्यात माझा सल्ला कधी घेतला नव्हता, त्याने आवाज खाली आणून विचारलं, "साडूभाऊ, त्या साध्या वर्गात खिडकी मिळते का हो?"

"मिळते," मी म्हटलं. "फक्त मागावी लागते."