तृप्तीने काढलेला पहारा

मखमलाबादच्या फुलमळ्यात वाढलेली तृप्ती घरातली पहिलीच कॉम्प्युटर शिकलेली. २००५ साली ती अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात लागली आणि तिथला सर्व्हर तिच्याकडे आला. गिऱ्हाइकांना सुट्या भागांची ड्रॉइंग बघता यावीत म्हणून तो सदा इंटरनेटला जोडलेला असे.

एका सोमवारी सर्व्हरवर कोण कधी आलं याची नोंद वाचताना ती चरकली. कुणीतरी परमुलखातून आत शिरू बघत होतं. कधी 'अ‍ॅडमिन', कधी 'टेस्ट', नावं बदलत, दोन दिवसांत अकरा हजार वेळा. ते इंटरनेटच्या ज्या पत्त्यावरून येत होतं तो तिने अडवला, तर दुसऱ्या पत्त्यावरून तेच सुरू. शेवटी तिने एक छोटा प्रोग्रॅम बसवला: तीनदा पासवर्ड चुकला की दार बंद.

आठवड्याने मालक मनोज सर पुण्यात गिऱ्हाइकासमोर बसले आणि पासवर्ड तीनदा चुकले. फोनवर त्यांचा आवाज चढला होता.

"माझ्याच कारखान्यात मलाच मज्जाव? काढ ते!"

"सर, पासवर्डच नको. मी तुम्हाला किल्लीची फाइल देते, ती ज्याच्या कॉम्प्युटरवर असेल त्यालाच दार..."

"तृप्ती, काढ म्हणालो ना!"

"काढते, सर."

तिने काढलं. बाराव्या दिवशी हल्लेखोर आत शिरले, सरांच्याच नावाने. पासवर्ड होता त्यांचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. सगळी ड्रॉइंग पुसली गेली. नक्कल ठेवलेली डिस्क तिने त्याच सर्व्हरला जोडून ठेवली होती, तीही गेली. वर ते आता कारखान्याच्या सर्व्हरवरून दुसऱ्यांवर हल्ले करताहेत म्हणून इंटरनेट कंपनीने लाइन तोडली.

ड्रॉइंग मिळेनात म्हणून मोठं गिऱ्हाईक तुटलं, काम कमी झालं. पेठ तालुक्यातून येणाऱ्या आठ कंत्राटी कामगारांना घरी बसवलं. त्यांतला लहानू फाटकाशी तिला भेटला.

"ताई, मशिनी तं चांगल्या हायेत ना? मंग आमालाच का नाय बोलावलं?"

परदेशातल्या कुणा अनोळखी माणसाने त्याची रोजी घेतली, हे त्याला पटलं नसतं. आणि तेवढंच खरंही नव्हतं.

सरांनी सगळ्यांना सांगितलं, पोरीची चूक झाली. ती भांडली नाही. पुढच्या आठवड्यात तिने पासवर्ड कायमचे बंद केले, नक्कल ठेवायची डिस्क सर्व्हरपासून काढून कुलपात ठेवली. सरांनी किल्लीची फाइल निमूट घेतली. पण त्या आठांपैकी कुणीही परत आलं नाही.

"सर काढ म्हणाले तेव्हा मी नाही म्हणाले असते तर?" असं ती एकदा आईला म्हणाली. आई शेवंती निवडत होती. तिला प्रश्न कळला नाही, पण तिने फुलांची पाटी बाजूला सारली आणि लेकीला जवळ घेतलं.