गंजलेली भेग

फुलचूरच्या रस्त्यावर ट्रकच्या कमानी, म्हणजे पोलादी पाट्यांच्या स्प्रिंगा, दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीचे नाव मी अद्याप विचारलेले नाही. कमानीच्या प्रत्येक पाट्यावर तो हातोडी हलकेच मारतो आणि डोळे मिटून नाद ऐकतो. काय ऐकतो, याचे मला कुतूहल आहे.

परवा धानाचा एक ट्रक पाटा तुटून त्याच्या दारात उभा राहिला. "तूच खड्ड्यात आपटली गाडी. उद्यापासून येऊ नको!" मालक ड्रायव्हरवर ओरडत होता. दोष खड्ड्याचाच, अशी माझी ठाम खात्री. बांधकाम खात्याला तिथल्या तिथे खरडलेला जळजळीत अर्ज मी साक्षीच्या सहीसाठी मिस्त्रीपुढे धरला.

त्याने तो वाचलाही नाही. तुटलेला पाटा उजेडात धरून तो म्हणाला, "सेठ, हा गंज पाहा. भेग जुनी आहे. चमकून राहिलं तेवढंच आज तुटलं. मागच्या खेपेले बदला म्हटलं होतं तुमाले. मंग याले काऊन काढता?"

"तू कमानी पाहा, वकिली नको करू!"

"वकील हे साहेब आहेत. मी पाटा दाखवून राहिलो."

मालक त्याचे जुने गिऱ्हाईक. गंजावरून बोट फिरवून तो ड्रायव्हरला म्हणाला, "चाल, जॅक लाव."

मी अर्ज घडी करून खिशात ठेवला. पुराव्याअभावी माघार घेण्याची ती माझी पहिलीच वेळ.