टाच न टेकणारी पोर

आष्टीकडच्या एका जत्रेत, कुस्तीच्या आखाड्याच्या कडेला, एक पैलवान पोर माझ्या शेजारी उभी होती. नाव मी विचारलंच नाही. तिची टाच भुईला कधी टेकते, तेवढंच बघत राहिले. मी दिलेला शेंगदाण्याचा लाडू खातानाही पोर पंजांवर नाचत होती.

"वजन वाढलं म्हणून औंदा वरच्या गटात खेळते," ती म्हणाली. "तिथं समद्या लई ताकदीच्या हायत, आजी."

"मंग आणखी एक खा की! जोर येईल."

"न्हाई. जड झाले तर पाय अडकत्यात. जोराची कुस्ती म्हंजी समोरचीच्या घरात शिरून तिच्याशी भांडणं. मी तिला माझ्या अंगणात आणते."

मला माझी ऊसतोडीतली मिजास आठवली. नवी नवरी होते. जावेपेक्षा मोठी मोळी डोक्यावर घेतली आणि ट्रकच्या फळीवर मधेच थिजले. ताकद होती हो; अक्कल तेवढी खाली राहिली होती. मागून चिपाडासारखी जाऊ ओरडली, "चढतीस का तिथंच संसार मांडतीस?"

हलगी वाजली, पोर आखाड्यात उतरली. समोरच्या दांडगीनं हिला कवेत आवळलं. सगळे ओरडले, "जोर लाव!" मी एकटीच किंचाळले, "अगं, निसट!"

ती निसटली, झटक्यात तिच्या पाठीमागे गेली, तिचा पाय ओढला आणि दांडगी चीत!

पोर घामाघूम होऊन, पंजांवरच, माझ्यापुढे आली. "आता द्या तो लाडू."

लाडू तोंडात गेला, तेव्हा कुठं तिच्या टाचा भुईला टेकल्या.