शुक्लाजींच्या भिंतीवरचा निकाल

आमच्या ह्यांच्या सुनेत्राआत्या बँकेतून निवृत्त झाल्या आणि आपलं मूळ गाव शोधायला लागल्या. त्यांचे आजोबा रेल्वेच्या नोकरीसाठी कोकणातून लखनौला आले, एवढंच घरात ठाऊक. गावाचं नाव कुणालाच सांगता येईना. मात्र आलमबागेत शेजारच्या शुक्लांशी त्यांनी जांभळाच्या झाडावरून खटला लढवला आणि जिंकला, हे घरातलं शेंबडं पोरही सांगेल. कोर्टाच्या कागदात माणसाचं गाव लिहितातच, असं आत्यांचं म्हणणं.

माझी लेक अंतरा त्यांना स्कूटीवरून कोर्टात न्यायची. दोघी विकास नगरला घरी परत येईपर्यंत मी खिडकीत. "मम्मी, हेल्मेट आजी ने भी पहना था," एवढंच तिचं उत्तर.

रेकॉर्ड रूममधला बाबू प्रत्येक खेपेला तेच म्हणायचा, "मुकदमे का नंबर लाइए, अम्मा जी. बिना नंबर के यहाँ भगवान भी न मिलें." नंबर असतो निकालाच्या नकलेवर, आणि ती आमच्या घरात नव्हती.

"जिंकलो होतो, मग नक्कल जपली कशी नाही?" मी विचारलं.

आत्यांनी माझ्याकडे आमटी खारट झाल्यासारखं पाहिलं. मग म्हणाल्या, "शुक्लांकडे बघायला हवं."

शुक्लांच्या नातवाकडे ती होती. फ्रेम करून, बैठकीत, देवांच्या शेजारी. निकाल उर्दूत. शुक्लाजींना उर्दू येत नाही. वडील सांगायचे जिंकलो, म्हणून जिंकलो. आत्यांनी नेलेला चिवडा संपवून ते म्हणाले, "फोटो ले लीजिए, बहनजी. बस पहले कह दीजिए, जामुन हमारा था."

अंतरा सांगते, आजींनी आधी सगळा चहा संपवला. मग कप ठेवून म्हणाल्या, "आपका था."

त्या नंबरावर फाइल निघाली. एका वयस्क वकिलांनी ती वाचून दाखवली. वादी राहणार मूळचे मौजे मुरडव, जिल्हा रत्नागिरी. आत्यांनी ते नाव पुन्हा वाचायला लावलं. शेवटच्या पानावर निकाल होता: जमीन रेल्वेची, म्हणून झाडही रेल्वेचं. दोन्ही पक्षांनी जांभळांना हात लावू नये.

काल शुक्लाजींचा फोन आला. "गाँव मिल गया, बहनजी? और फैसले में क्या निकला?"

"गाँव मिल गया. पेड़ आपका ही है, भाईसाहब. फ्रेम जरा पोंछ लिया कीजिए."

फोन ठेवून आत्या मला म्हणाल्या, "मुरडवला अंतरा येतेय माझ्याबरोबर. तिकिटं काढली."

अंतराने मघाशीच विचारलं, तिथे स्कूटी भाड्याने मिळते का. सगळे झोपलेत. मी कोकणातल्या घाटांचे फोटो बघत बसले आहे.