नांदतं घर

बाजार तेजीत होता तेव्हा चावीताईंना जेवायलाही फुरसत नसे. एका हातात डबा, दुसऱ्या हातात कुणाच्या तरी फ्लॅटची चावी, आणि मागे गिऱ्हाईक. पर्समध्ये सदा चाव्यांचा खुळखुळाट, म्हणून सगळ्यांनी ठेवलेलं हे नाव. खरं नाव पगारपत्रकावर तेवढं उरलं होतं.

मग बाजार बसला. आधी हळूहळू, आणि मग एखाद्याने मांडी घालून बसावं तसा ठाण मांडून. येणारी माणसं घर बघायची, भिंतींवर टिचक्या मारायची आणि म्हणायची, "अजून उतरतील भाव. बघू." घरांच्या दलालीच्या त्या ऑफिसातला एक जण विमा विकायला लागला, दुसरा भावाच्या हार्डवेअरच्या दुकानात जाऊन बसला. मालकांनी अर्धी जागा चष्मेवाल्याला भाड्याने दिली. उरलेल्या अर्ध्या जागेत मालक, ताई आणि आठ रिकाम्या खुर्च्या. फोन वाजला की दोघंही दचकायची आणि बहुतेक वेळा तो चष्मेवाल्यासाठी असायचा.

ताई एकट्याच होत्या. नवरा आजारपणात गेला, मुलगी लग्न होऊन परदेशी गेली. तेजीतच ताईंनी स्वतःचं राहतं घर विकून टाकलं. एकट्या बाईला तीन खोल्या कशाला, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं आणि ताईंनाही पटलं. स्वतःच जाहिरात दिली, स्वतःच गिऱ्हाईक आणलं. भाव असा मिळाला की मालकांनी पेढे मागितले. त्यानंतर त्या एका दुमजली घरात वरच्या खोलीत भाड्याने राहू लागल्या. खाली घरमालकीण राहायची.

त्या मंदीत एक फ्लॅट काही केल्या खपेना. मालकीण डॉक्टर, नवऱ्याबरोबर दूर देशी गेलेली. सामान सगळं जागच्या जागी होतं, तरी बघायला येणारे दारातूनच परतत. एकदा डॉक्टरीणबाईंचा फोन आला.

"ताई, रिकामं घर बघून लोक बिचकतात. तुम्हीच थोडे दिवस राहा ना तिथे. नांदतं घर दिसलं की कुणीतरी घेईल."

मालकांना कल्पना पसंत पडली. ताई चार साड्या आणि कुकर घेऊन तिथे राहायला गेल्या.

इतकी वर्षं घर विकणाऱ्यांना त्या बजावायच्या की भिंतीवरचे तुमचे फोटो उतरवा, पसारा आवरा. आता त्यांना उलटं काम होतं. खुर्चीच्या पाठीवर स्वेटर टाकायचा, उशाशी अर्धवट वाचलेलं मासिक ठेवायचं. दाराशी एकट्या बाईच्या चपला बऱ्या दिसेनात, म्हणून पुरुषांच्या चपलांचा एक जोड आणायला त्या दुकानात गेल्या. दुकानदाराने माप विचारलं आणि ताईंच्या तोंडून नवऱ्याचंच माप निघून गेलं. दुकानदाराने जोड बांधून दिला. ताई तो पिशवीत न टाकता छातीशी धरूनच घरी आल्या.

कुणी बघायला येणार असलं की त्या कांदा परतत. त्या वासाने घर भरल्यासारखं वाटतं, हा धंद्यातला जुना अनुभव. वास दोघांच्या स्वयंपाकाचा यावा म्हणून भाजीही दोघांपुरती टाकायच्या. येणारे येत नसत किंवा येऊन जात. भाजी मग दोन्ही वेळेला ताईच खात. पण लिफ्टमध्ये शेजारी मान हलवायला लागले होते, वॉचमन "आज उशीर झाला का?" म्हणून विचारत होता. आपण इथे नाटक करतोय, हे ताई अधूनमधून विसरू लागल्या. एकदा तर बाहेरून आल्यावर "आले गं बाई," असं स्वतःशीच म्हणून त्यांनी पर्स खुंटीला लावली.

एका रविवारी मालकांनी एक जोडपं परस्पर पाठवलं. बायको नर्स, नवरा छापखान्यात. नवरा मेजर टेप घेऊन आत खोल्या मोजायला गेला. नर्स रात्रपाळी करून आली होती, ती स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर टेकली. ताईंनी चहा टाकला.

"काकू, का सोडताय हो एवढं छान घर?" तिने विचारलं.

ताईंनी सांगायला हवं होतं की मी एजंट. पण कित्येक महिन्यांत त्यांना स्वतःबद्दल कुणी काही विचारलंच नव्हतं. "हे गेल्यापासून खोल्या मोठ्या वाटायला लागल्या," त्या म्हणाल्या. "मुलगी लांब. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायलासुद्धा काही कारण उरलं नाही. सगळे म्हणाले, विकून टाक. विकलं."

"मग आता बरं वाटेल?"

"नाही गं. लहान खोलीसुद्धा मोठीच वाटते."

नर्सने कप खाली ठेवला. "म्हणजे? विकून झालंय का हे?"

आता मागे फिरता येत नव्हतं. ताईंनी भाजीखालचा गॅस बंद केला आणि सगळं सांगून टाकलं. हे घर डॉक्टरांचं, मी दलाल. विकलं ते माझं. दाराशी पुरुषाच्या चपला आहेत, त्या कुणीच घालत नाही.

नवरा टेप गुंडाळत दारात उभा होता. "मग हा स्वयंपाक?"

"तो मीच खाते," ताई म्हणाल्या.

दोघं निघून गेली. नवऱ्याने ऑफिसात फोन करून चांगलंच सुनावलं आणि मालकांनी ते ताईंना व्याजासकट ऐकवलं. एवढ्या दिवसांनी गिऱ्हाईक आलं आणि तुम्ही त्याच्यापुढे रडगाणं गायलात, असं ते म्हणाले. ताईंनी ऐकून घेतलं. ते खरंही होतं.

पुढच्या आठवड्यात नर्स एकटीच आली. बसली नाही. "काकू, त्या दिवशी खरं बोललात, तसंच आताही सांगा. या घरात खोट काय आहे?"

ताईंनी सांगितलं. मागची खोली दुपारी भट्टीसारखी तापते. सकाळी नळाला धार बारीक. वरच्यांचं कपडे धुण्याचं यंत्र डोक्यावर गडगडतं. नर्स सगळं फिरून बघून आली. सासूला जिने चढवत नाहीत, तिला लिफ्टचंच घर हवं होतं. नवऱ्याची समजूत काढायला तिला महिना लागला. भावात घासाघीस भरपूर झाली, पण घर गेलं.

वर्षभरातला तो पहिला सौदा. ताईंनी मुलीला फोन लावला. ती घाईत होती. "मस्त गं आई, रात्री बोलते," म्हणाली. तिथली रात्र म्हणजे इथली कुठली वेळ, हे ताईंनी विचारलं नाही.

ताबा देण्याच्या दिवशी नर्सची सासू खिडकीशी बसून रस्ता बघत होती. ताईंनी कुकर पिशवीत भरला. नर्स दारापर्यंत पोचवायला आली, "येत जा काकू," म्हणाली. मनापासून म्हणाली असेल. पण घर घेणारे सगळेच असं म्हणतात आणि दलालाने जायचं नसतं, हे ताईंना ठाऊक होतं.

मालक खूश झाले. असाच आणखी एक फ्लॅट पडून आहे, तिथे राहायला जा, असं त्यांनी सुचवलं.

"दाखवीन हव्या तितक्या वेळा," ताई म्हणाल्या. "राहायला नाही जाणार."

संध्याकाळी त्या आपल्या खोलीवर परतल्या. जिन्यापाशी घरमालकीण कपड्यांच्या घड्या घालत होती. "बऱ्याच दिवसांनी दिसलात," ती म्हणाली. "कुठे होतात?"

"कामावर."

"बरं बरं," म्हणून तिने पुढचा कपडा उचलला. ताई पहिल्या पायरीवर हात बदलायच्या निमित्ताने पिशवी टेकवून उभ्या राहिल्या. ती आणखी काही विचारेल, असं त्यांना वाटलं. घड्या घालून झाल्या, घरमालकीण आत गेली. मग ताई वर गेल्या.