डाव्या चाकाला गोऱ्हा

देवमन गावंडे गाडी घेऊन बाहेर पडले की त्यांच्या गल्लीला कळायचं, आणि परत आले की शेजारच्या गल्लीलाही कळायचं. हॉर्नची गरजच नव्हती. ब्रेक दाबला की गाडी अशी किंचाळायची की ओट्यावरची कुत्री शेपूट घालून पळायची, आणि समोरच्या पार्बताबाई गॅस बंद करायला आत धावायच्या. त्यांना वाटायचं कुकरची शिटी झाली. एखाद्या दिवशी ठीक आहे हो, पण रोज? पार्बताबाईंच्या घरी डाळ कच्ची राहायला लागली, तेव्हा त्या थेट शालूबाईंकडे तक्रार घेऊन आल्या.

शालूबाई म्हणजे देवमनरावांच्या मंडळी. त्यांनी त्याच दिवशी जाहीर करून टाकलं, "मी या गाडीत पाय ठेवत नाही. आचलकडं सेमाडोहले जायचं आहे ना, मी एस.टी.नं जाईन. लोकं पाह्यतात माय, जसं काई डुक्कर धरून नेऊन राहिले!"

आचल त्यांची एकुलती एक लेक. सेमाडोहच्या दवाखान्यात नर्स आहे. तिची खोली, तिचं अंगण, तिनं लावलेली वांगी, हे सगळं शालूबाईंना एकदा डोळ्यांनी पाहायचं होतं. आणि देवमनरावांनी रिटायर झाल्यावर ही सेकंडहँड गाडी घेतली होती ती केवळ याचसाठी. बायको शेजारी बसलेली आहे, गाडी मेळघाटाचा घाट चढते आहे, ती म्हणते आहे, "किती छान चालवता हो!" एवढंच त्यांचं स्वप्न. आजवर त्या शेजारच्या सीटवर फक्त भाजीची पिशवी बसली होती. माणसाला हे लागलं, खरंच लागलं. त्या रात्री ते जेवले नाहीत. म्हणजे दोन भाकरी खाल्ल्या, पण तिसरी घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी संघपालच्या गॅरेजमध्ये. संघपालनं पुढची चाकं काढून पाहिली. डाव्या चाकाचे ब्रेक पॅड संपून नुसतं लोखंड उरलं होतं, आणि ते लोखंड डिस्कवर घासून घासून डिस्कला नांगराचे तास पडल्यासारख्या रेघा पडल्या होत्या. उजवीकडच्या पॅडमध्ये अजून थोडा जीव होता.

"काका, दोन्ही बाजूचे पॅड बदला आन दोन्ही डिस्क बदला," संघपाल म्हणाला. "सामान तुमी आणा, मी बसवून देतो."

इथवर सगळं सरळ होतं. पण देवमनराव हे भातकुलीकडच्या पुंजाजी गावंड्यांचे चिरंजीव, हे विसरून चालणार नाही. पुंजाजी बैलांचे पारखी. बाजारात ते आले की बैल विकणारे घाबरायचे. देवमनरावांनी उभा जन्म सरकारी टेबलामागे काढला, बैल म्हणून एक घेतला नाही, पण पारख मात्र आपल्या रक्तात आहे अशी त्यांची पक्की समजूत. फ्रीज घेताना त्यांनी तो मागून पाहिला होता. आचलसाठी स्थळ पाहायला गेले तर मुलाला म्हणाले, "जरा अंगणातून चालून दाखव बरं." त्या घरून परत निरोप आला नाही.

स्पेअर पार्टच्या दुकानात करिश्मा बसते. दुकान तिचं, जीभही तिची. तिनं गाडीचं मॉडेल विचारून काउंटरवर तीन खोकी मांडली.

"हे कंपनीचं ओरिजनल. हे जरा कडक, लय दिवस टिकते, पण डिस्क खाते. आन हे मऊ, आवाज करत नाही, फक्त चाकावर काळी भुकटी पडते. पुसत जा."

देवमनरावांनी एकेक पॅड उचलला. उजेडाकडं धरला. वास घेतला. बोटाच्या पेरानं ठोकून कान लावला. मग गंभीरपणे विचारलं, "हा मारका तर नाही ना?"

"काका, पॅड आहे तो."

"पॅड असला म्हणून काय झालं? स्वभाव असतेच."

करिश्मानं एकदा त्यांच्याकडं पाहिलं, एकदा रस्त्याकडं पाहिलं. यांच्यासोबत घरचं कोणी आलं आहे का, हे ती पाहत असावी.

शेवटी त्यांनी मऊ पॅड पसंत केला. "मले आवाज नको. बायको गाडीत बसली पाह्यजे, बाकी मले काई नको," असं त्यांनी भर दुकानात सांगून टाकलं, आणि करिश्माला ते आवडलं. मग त्यांनी खिशातली दस्ती काढून आपल्या हातावर पसरली आणि हात पुढे केला. बैलाच्या बाजारात भाव असाच ठरतो. रुमालाखाली बोटं धरायची, तोंडानं बोलायचं नाही.

"हात पुसायले कापड देऊ का काका?" करिश्मानं विचारलं. "आन पैशाचा स्कॅनर तो तिकडं लावला आहे."

देवमनरावांनी दस्तीनं घाम पुसला. घाम आला नव्हता तरी पुसला.

पुढं खरी गंमत. पॅडचा सेट दोन्ही चाकांचा मिळून एकच येतो, तो फोडून देत नाहीत, म्हणून तो त्यांनी पुरा घेतला. पण डिस्क मात्र एकच मागितली. करिश्मा म्हणाली, "एक डिस्क कोणी नेत नाही काका, जोडी न्या." गॅरेजमध्ये आल्यावर संघपालनंही डोक्याला हात लावला. पण आमच्या पारख्याचं उत्तर तयार होतं.

"मले जोडी शिकवतं का बाप्पा? नवा गोऱ्हा जुंपतो तवा आपण दुसरा गोऱ्हा जुंपतो का? दोन्ही पळून जातीन! नव्यासोबत जुना बैल जुंपा लागते. जुना नव्याले चाल शिकवते. डावीकडं नवा टाक, उजवीकडचा जुना राहू दे. महिनाभरात तयार होते पाह्य."

"काका, ब्रेक शिकत नसते."

"तू बसव रे!"

संघपालनं बसवलं. मात्र स्पष्ट बजावलं, "गावातल्या गावात हळू चालवा, घाटात बिलकुल जाऊ नका. अक्कल आली की या, दुसरी बाजू करून देतो." उरलेले पॅड डिक्कीत गेले.

संध्याकाळी देवमनरावांनी घरासमोर ब्रेक दाबला. आवाज नाही! पार्बताबाईंचा कुकर शांत, कुत्री शांत. शालूबाई बाहेर आल्या, गाडीला फेरी मारली आणि म्हणाल्या, "आधी एक चक्कर मारून आणा मले. मग सेमाडोहचं पाहू."

भाजीची पिशवी मागं गेली. शालूबाई पुढं बसल्या. देवमनरावांना असा आनंद झाला की त्यांनी सीटबेल्ट दोनदा लावून पाहिला.

आता काय झालं ते ऐका. नवी बाजू पकडायची घट्ट, जुनी पकडायची ढिली. त्यामुळं ब्रेक दाबला रे दाबला की गाडी डावीकडं ओढायची. पहिल्याच वळणाला समोर सायकलवाला आला, देवमनरावांनी ब्रेक दाबला, आणि गाडी मुकाट्यानं रस्ता सोडून उसाच्या रसवंतीसमोर जाऊन उभी राहिली. रसवाला ग्लास विसळतच होता.

शालूबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. देवमनरावांनी रसाच्या ग्लासांकडं पाहिलं. तोंड वेळेवर कामी आलं. "रस घेतं का व? आलं टाकून सांगू का?"

शालूबाईंनी आलं टाकून रस घेतला.

पुढं गाय आडवी आली. गाडी गेली ती गिला वड्याच्या गाड्यावर. तिथं उभे असलेले लोक बाजूला झाले आणि त्यांनी जागा करून दिली. "तुले आवडते ना?" देवमनराव म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांना आठवलं की हिला खरंच आवडते. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी ते तिला घेऊन यायचे. मग काय झालं कोण जाणे, बंद झालं. वडा खाताना शालूबाईंच्या नाकाचा शेंडा लाल झाला. तिखटानं असेल.

परतीला एका रिक्षानं कट मारला, आणि गाडी थेट दाताच्या दवाखान्याच्या पायरीला लागून थांबली. आता इथं काय बोलणार? देवमनरावांनी पाटी वाचली, घसा खाकरला. "तुही दाढ… दुखून राहिली होती ना? दाखवून घेतं का?"

ती दाढ संक्रांतीपासून दुखत होती. शालूबाईंनी निदान वीस वेळा सांगितलं असेल, आणि यांनी दरवेळी पेपरामागून "हूं" केलं होतं. त्या उतरल्या आणि दवाखान्यात गेल्या.

बाहेर येऊन बसल्या तेव्हा चेहरा असा उजळला होता की देवमनरावांना भीतीच वाटली. "उद्याच जाऊ सेमाडोहले," त्या म्हणाल्या. "तुमच्या गाडीनं."

झालं! जे हवं होतं ते मिळालं, आणि माणूस रडकुंडीला आला. घाटात डावीकडं रसवंती नसते. खोटं बोलावं तर बायको दरीत जाते, खरं बोलावं तर बायको एस.टी.त जाते. देवमनरावांनी स्टिअरिंग घट्ट धरलं आणि डोळे मिटून सगळं सांगून टाकलं. गोऱ्हा, जुना बैल, डिक्कीतले पॅड, सगळं. "मी नाही थांबलो कुठीच. गाडीच ओढून राहिली. मी भैताड आहे."

शालूबाई खळखळून हसल्या, दाढ धरून हसल्या.

"अहो, मी बी बैलायच्याच घरची पोरगी आहे. एकाच अंगाले ओढणारी जोडी मले समजत नाही का? रसवंतीपाशीच समजलं."

"मंग बोलली काहून नाही?"

"गाडी ब्रेकनं थांबली हो. पण रस घेतं का, हे काई ब्रेकनं नाही विचारलं. विचारलं तुमी. किती वर्सांनी! म्हटलं, बोलले तर विचारणं बंद होईन."

दुसऱ्या दिवशी देवमनराव गुपचूप करिश्माकडं जाऊन दुसरी डिस्क घेऊन आले, आणि संघपालनं जोडी पुरी केली. गाडी आता कासऱ्यानं बांधल्यासारखी सरळ थांबायला लागली.

रविवारी ते सेमाडोहला निघाले. परतवाडा गेलं, घाट लागला. एका वळणावर, समोर ना गाय ना रिक्षा, देवमनरावांनी हळूच ब्रेक दाबला आणि गाडी कडेला घेतली. शालूबाई दचकल्या.

"आता काय झालं? पुन्हा ओढते का?"

"नाही व," देवमनराव म्हणाले. "थकली का, म्हणून विचारायले थांबलो."