झालर लावलेलं शीड

नांदेडचे गुलाम रसूल मंडपवाले आणि लातूरचे उमाशंकरआप्पा यांची पहिली भेट जमिनीपासून तीस फुटांवर झाली.

उमरीला आप्पांचं लग्न होतं. वैशाखातली दुपार, अक्षता वाटून झालेल्या, एवढ्यात वावटळ आली आणि मंडप उठला. खांब, दोर, झुंबरं आणि आहेराच्या दोन परातींसकट तो तेलंगणाच्या दिशेनं निघाला. एका दोराला रसूलभाई लटकले होते, कारण मंडप त्यांचा होता. दुसऱ्या दोराला नवरदेव लटकले होते, कारण त्यांचा फेटा त्यात अडकला होता. वऱ्हाडी शपथेवर सांगतात की दोघांनी वरच एकमेकांची चौकशी केली.

"गाव कोणतं म्हणायचं?"

"नांदेड. आपलं?"

"लातूर. डाळमिल हाय."

मग मंडपानं दोघांना एका कडब्याच्या गंजीवर उतरवलं आणि स्वतः पुढं गेला. तो अजून परत आलेला नाही.

यातली उंची दर वेळी थोडी वाढते. मुळात दोघं फार तर खाटेएवढे वर गेले असतील. पण रसूलभाईंनी त्या दिवसापासून एक नेम धरला. मंडपाच्या प्रत्येक कापडात ते वीतभर चिरा ठेवू लागले, काठ दुमडून, नीट शिवून. वाऱ्याशी भांडू नये, त्याला जायला वाट द्यावी, एवढंच त्यांचं शास्त्र. त्यानंतर त्यांचा एकही मंडप उडाला नाही.

उडाला नाही, पण हळूहळू उभाही राहीना. लॉन आले, लोखंडी सांगाडे आले, कॅटलॉग बघून सजावट ठरवणारी पोरं आली. रसूलभाईंचा लाल-पिवळा शामियाना इतवाऱ्यातल्या गोदामात उंदरांकडे मुक्कामाला गेला. त्यांचा स्वतःचा मुलगा सद्दाम हैदराबादेत सांगाडेवाल्यांकडेच कामाला लागला. साठीच्या रसूलभाईंची एकच इच्छा उरली होती, तो शामियाना एकदा, पूर्ण, सगळ्या झालरींसकट उभा करायचा. आणि आप्पांनी शब्द दिला होता, "आमच्या मंजुश्रीचं जमलं की मंडप तुमचाच. पण जमू तर द्या."

म्हणून आप्पांचा फोन आला तेव्हा रसूलभाई उभे राहून बोलले.

"रसूलभाई, शीड शिवता येईल का? नावेचं."

"कापडाचं असलं की सगळं शिवता येतं, आप्पा. पण नाव कुणाची?"

"माझी. घेतली जुनी. उदगीरचे पाहुणे पोरीला बघायला यायलेत. चहापोहे सगळेच देतेत. मी त्यांना विष्णुपुरी धरणाच्या पाण्यावर फिरवतो."

ज्या लातूरला एका उन्हाळ्यात रेल्वेनं पाणी पाठवावं लागलं, त्या लातूरच्या माणसाला नाव घ्यावीशी वाटली, यात तसं नवल काही नाही. उपाशी माणसालाच जेवणाची स्वप्नं पडतात.

"आप्पा, तुम्हाला पवता येतं का?"

"डाळीच्या धंद्यात तीनदा बुडून वर आलो. अजून काय पवायचं?"

रसूलभाईंनी शामियान्यातलंच एक कापड काढलं आणि शिवायला बसले. त्यांची बायको सालेहा दारात उभी राहून बघत होती.

"जिंदगीभर हवा को भगाए. अब पकडने जारे?"

"चूप बैठो जी. छोकरी का रिश्ता है."

"छोकरी का, के तुम्हारे शामियाने का?"

रसूलभाईंनी सुईत दोरा ओवला.

पाहुणे आले ते दोघंच. उदगीरचे किराणा व्यापारी गुरुबसप्पा आणि त्यांच्या आई गौरम्मा. मुलगा बंगळूरला नोकरीत, त्याला सुट्टी नव्हती. तो आजीच्या डोळ्यांनी बघणार होता. आधी नांदेडात मुक्काम झाला. सकाळी गुरुद्वाऱ्यात दर्शन घेतलं, लंगरमध्ये पोटभर जेवले. बाहेरच्या दुकानात गौरम्मांना एक लोखंडी तवा आवडला. त्यांनी कन्नडमध्ये घासाघीस केली, सरदारजींनी पंजाबीत केली. दोघांनाही आपण जिंकलो असं वाटलं. गौरम्मा तवा पदराखाली घेऊनच नावेत बसल्या. गाडीत ठेवायचा त्यांना भरवसा नव्हता.

वल्ही मात्र आप्पांनी गाडीत ठेवली. "शीड असताना वल्ही? लग्नाला जाताना कुणी डबा नेतं का?"

शीड वर चढलं आणि काठावरचे लोक मोबाइल काढून उभे राहिले. लाल-पिवळं कापड, तिन्ही कडांना सोनेरी झालर, आणि मधोमध कलाबतूत 'सुस्वागतम'. नावेत पाहुण्यांसोबत आप्पा, मंजुश्री आणि रसूलभाई बसले, आणि काठावरच्या चार जणांनी नाव ढकलली. ती डौलात पाण्याच्या मधोमध गेली आणि थांबली.

वारा भरपूर होता. गुरुबसप्पांची टोपी उडाली, मंजुश्रीची ओढणी उडाली, झालर एकसारखी फडफडत होती. नाव तेवढी जागेवर होती.

मंजुश्री लातूरच्या एका कॉलेजात गणित शिकवते. तिनं मान वर करून बराच वेळ बघितलं.

"मामू, शिडाला खिडक्या कशाला?"

"हवा जायला, बेटा," रसूलभाई सवयीनं म्हणाले. मग त्यांनीही वर बघितलं. प्रत्येक चीर जागच्या जागी होती, काठ दुमडून, नीट शिवलेली. वारा एका बाजूनं येत होता आणि अदबीनं दुसऱ्या बाजूनं जात होता.

"रसूलभाई," आप्पा अगदी हळू म्हणाले, "हवा अडवायची होती."

"हाव, आप्पा. आता कळलं. हाताला दुसरं शिवणच येत न्हाई."

ऊन डोक्यावर आलं. गुरुबसप्पा काही बोलेनात, आणि मुलाचा बाप गप्प बसला की मुलीच्या बापाला जास्त ऐकू येतं. गौरम्मांनी डोळे मिटले आणि पुटपुटत गळ्यातल्या इष्टलिंगावर हात ठेवला. रसूलभाईंना हा शामियानाही उडून जाताना दिसला.

ते उठले. शीड खाली घेतलं, एक टोक डोलकाठीला, बाकीची दोन सोबत आणलेल्या आणि नावेच्या कड्यांत रोवलेल्या दोन बांबूंना बांधली. बांबू कशाला आणले होते, हे कुणी विचारलं नाही. रसूलभाई बांबूशिवाय दवाखान्यातही जात नसत. क्षणात नावेवर मंडप उभा राहिला. चिरांमधून वारा झिरपू लागला. 'सुस्वागतम' बरोबर गौरम्मांच्या डोक्यावर आलं. त्यांनी पाय पसरले.

"आजी, तवा द्या जरा," मंजुश्री म्हणाली.

"अगं, त्याला अजून भाकरी लागली न्हाई."

"आधी पाणी लागू द्या."

ती तव्यानं पाणी मारू लागली. एकाच बाजूनं मारल्यामुळं नाव गोल फिरली. तेव्हा गुरुबसप्पांनी आप्पांनी आणलेल्या फराळाच्या डब्याचं झाकण उचललं आणि दुसरी बाजू धरली. होणारा सासरा आणि होणारी सून, अशा दोन वल्ह्यांवर नाव काठाकडे निघाली. आप्पा मधे बसून दिशा सांगत होते. ती कुणी ऐकत नव्हतं.

काठ जवळ आला तशा गौरम्मा उठून बसल्या.

"पोरगी पाण्याला भीत न्हाई, माणसाला भीत न्हाई. मला पसंत हाय." मग आप्पांच्या कानाशी वाकून त्या कन्नडमध्ये एक लांब वाक्य बोलल्या. रसूलभाईंना तेलुगू थोडी येते, कन्नड नाही. आप्पांनी एकदा रसूलभाईंकडे बघितलं, मग पाण्याकडे.

"हौदु," आप्पा म्हणाले. म्हणजे हो. तेवढं रसूलभाईंना कळलं, आणि तेवढं त्यांना पुरलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गोदाम उघडलं. शामियाना गल्लीभर उन्हात पसरला, उंदरांनी खाल्लेल्या जागा शोधल्या. सालेहा दुसरी सुई घेऊन समोर बसली. महिनाभर दोघं ठिगळं लावत होते.

त्या कन्नड वाक्यातली गौरम्मांची अट एवढीच होती की त्या दिवशीचं ऊन पुन्हा नको. लग्न माघात झालं, कडाक्याच्या थंडीत, लातूरच्या एसी हॉलमध्ये. हॉलला मंडप लागत नाही.